तांबड्या समुद्राची चिठ्ठी

निफाड तालुक्यातील एका विद्यार्थिनीचे पत्र थोडे संक्षिप्त करून खाली देत आहे.

"आदरणीय सर, मी कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. शाळेपासून वक्तृत्व स्पर्धांत भाग घेते आणि पाठांतर चांगले असल्यामुळे बक्षिसेही मिळाली आहेत. गेल्या महिन्यात नाशिकमधील एका महाविद्यालयाच्या उत्स्फूर्त भाषण स्पर्धेत मला 'तांबड्या समुद्रातील संघर्ष आणि जागतिक व्यापार' अशी चिठ्ठी आली. तयारीला दोन मिनिटे आणि बोलायला तीन मिनिटे होती. मी 'सन्माननीय व्यासपीठ' म्हटले, एक चारोळी म्हटली आणि पुढे काहीच सुचेना. जवळजवळ पाऊण मिनिट गप्प उभी राहून खाली उतरले. घरी सांगितले तेव्हा वडील म्हणाले, 'अगं, मागे आपला द्राक्षांचा कंटेनर त्याच भानगडीत सापडला होता की!' त्याचे मला जास्तच वाईट वाटले. पदवीनंतर सैन्यदलात अधिकारी होण्यासाठी एसएसबीची, म्हणजे सेवा निवड मंडळाची, मुलाखत द्यायची इच्छा आहे आणि तिथेही असेच आयत्या वेळी बोलावे लागते असे ऐकते. आंतरराष्ट्रीय घडामोडींवर बोलण्याचा सराव कसा करावा? रोज किती वाचावे? आणि मराठी माध्यमातून शिकल्याचा तोटा होईल का?"

तुझ्या पत्रात मला सर्वांत मोलाचे वाटले ते तुझ्या वडिलांचे वाक्य, आणि त्यावरून तुला वाईट वाटले असले तरी मला मात्र हायसे वाटले. ज्या विषयावर तू पाऊण मिनिट गप्प उभी राहिलीस, त्याचा एक अस्सल तुकडा तुमच्याच घरात, बहुधा वडिलांच्या कपाटातल्या एखाद्या फायलीत, आधीपासून पडून होता. तेव्हा तुझ्याकडे माहितीच नव्हती असे काही म्हणता येत नाही. चिठ्ठीवरचे मोठे शब्द आणि घरातली ती गोष्ट यांच्यामध्ये रस्ता पडलेला नव्हता, इतकेच. उत्स्फूर्त भाषणाचा सराव हा मुख्यतः असे रस्ते आधीपासून पाडून ठेवण्याचा सराव असतो, आणि रोज किती वाचावे हा प्रश्न त्या मानाने दुय्यम आहे.

नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतील स्पर्धांना मी बरीच वर्षे परीक्षक म्हणून बसतो आहे. पाठांतराच्या स्पर्धेत पहिली येणारी मुले उत्स्फूर्त स्पर्धेत अडखळतात, हे इतक्या वेळा पाहिले आहे की मला त्याचे आता आश्चर्य वाटत नाही. पाठ केलेल्या भाषणात पुढचे वाक्य मागच्या वाक्याला धरून येते. उत्स्फूर्त भाषणात ते विषयातून यावे लागते, आणि ती सवय हाताला नसली की तोंडात फक्त ओळखीच्या गोष्टी येतात, म्हणजे संबोधन, चारोळी आणि 'आजच्या या धावपळीच्या युगात'. संथ, स्पष्ट मराठी बोलणारा माणूस तीन मिनिटांत साधारण साडेतीनशे शब्द बोलतो. तू स्वतःचा वेग घड्याळ लावून मोजून पाहा. त्यातले व्यासपीठ, परीक्षक, गुरुजन आणि श्रोते यांच्या नावाने चाळीस गेले, चारोळीत पंचवीस गेले, की विषयाला किती उरले याचा हिशेब तूच कर. 'नमस्कार' एवढे पुरे आहे. त्याबद्दल कोणी गुण कापलेले मी तरी पाहिलेले नाहीत.

आता तीच चिठ्ठी पुन्हा हातात घेऊ. तयारीच्या दोन मिनिटांत बहुतेक मुले भराभर वाक्ये लिहायला लागतात, तिसऱ्या वाक्यापाशी वेळ संपतो आणि मग ती अर्धवट वाक्ये वाचण्यातच भाषण संपते. तू वाक्ये लिहू नकोस. पहिला अर्धा मिनिट काहीही न लिहिता चिठ्ठी पुन्हा वाच आणि स्वतःला एकच विचार, की यात नेमका कोणाचा काय तोटा होतो आहे. मग कागदावर चार शब्द लिही. या विषयासाठी मी 'दार, कोण, वळसा, भाडे' असे लिहिले असते. शेवटच्या वीस सेकंदांत पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य मनात पक्के करायचे. मधले सगळे त्या चार शब्दांवर सोडून द्यायचे.

त्या चार शब्दांवरून भाषण कसे उभे राहते ते थोडक्यात सांगतो. 'दार' म्हणजे बाब-अल-मंदेब, येमेन आणि आफ्रिकेचा किनारा यांमधली चिंचोळी सामुद्रधुनी. अरबीतल्या या नावाचा अर्थ अश्रूंचे द्वार असा सांगतात. हिंदी महासागराकडून तांबड्या समुद्रात शिरायचे तर याच दारातून शिरावे लागते, आणि त्या समुद्राच्या वरच्या टोकाला १८६९ साली खुला झालेला सुएझ कालवा आहे, त्यामुळे आशिया आणि युरोप यांच्यातील सागरी व्यापाराचा मोठा भाग या एका वाटेवर अवलंबून राहतो. 'कोण' म्हणजे येमेनमधील हूथी गट, ज्याने नोव्हेंबर २०२३ पासून या मार्गावरील व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि गाझातील युद्धाच्या निषेधार्थ आपण हे करत आहोत असे जाहीर केले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्या गटाच्या ठिकाणांवर हवाई हल्ले केले. 'वळसा' म्हणजे हल्ल्यांच्या भीतीने बड्या जहाज कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून, केप ऑफ गुड होपला वळसा घालून न्यायला सुरुवात केली, आणि प्रवासाचे दहा ते पंधरा दिवस वाढले. 'भाडे' म्हणजे वाढलेले इंधन, वाढलेला विमा आणि कंटेनरचे वाढलेले दर. इथे तुमच्या वडिलांचा कंटेनर बोलायला लागतो.

हा शेवटचा भाग तू असा बोलू शकली असतीस: "२०२४ च्या हंगामात आमच्या बागेतली द्राक्षे पॅकहाउसमध्ये भरली गेली, शीतकंटेनरमधून न्हावाशेवा बंदरात पोहोचली आणि तिथून युरोपला निघाली. द्राक्षाचा घड बागेतून तोडला की त्याचे दिवस मोजलेले असतात. थंडीत ठेवला तरी लांबच्या प्रवासात आधी देठ तपकिरी पडतो, मग मणी सैल होतो. जहाज दोन आठवडे उशिरा पोहोचले, तर तिकडच्या दुकानात तो घड दुसऱ्या प्रतीचा ठरतो, आणि त्याची झळ निफाडच्या शेतकऱ्याला बसते. या शेतकऱ्याचे हूथींशी भांडण नाही, इस्राएलशी नाही आणि जहाज कंपनीशीही नाही." एवढे बोलायला चाळीस सेकंदही लागत नाहीत. तुझ्याआधी आणि तुझ्यानंतर बोललेल्या कोणाही स्पर्धकाला हे बोलता आले नसते, आणि परीक्षकांनी पेन खाली ठेवून ऐकले असते याची मला खात्री आहे.

याच भाषणाला आणखी एक बळकटी देता येते, ती इतिहासाची. सुएझचा रस्ता बंद होण्याची ही पहिलीच वेळ नाही. १९६७ च्या अरब-इस्राएल युद्धानंतर हा कालवा १९७५ पर्यंत बंदच होता आणि जहाजे तेव्हाही आफ्रिकेला वळसा घालूनच जात होती; मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन नावाचे अवाढव्य जहाज कालव्यात आडवे अडकले तेव्हा सहा दिवस वाहतूक खोळंबली. अशी दोनच उदाहरणे ठेवावीत. तिसरे आठवले तरी ते गिळून टाकावे, कारण तीन मिनिटांत उदाहरणांची माळ लावली की मुद्दा हरवतो.

इथेच एक धोक्याची सूचना देतो. द्राक्षांचा हा दाखला एकदा जमला की तो प्रत्येक चिठ्ठीला चिकटवण्याचा मोह तुला होईल. गाईचा निबंध पाठ केलेल्या मुलाला परीक्षेत नदीवर निबंध आला, तेव्हा त्याने गाय नदीकाठी नेऊन बांधली आणि पुढे गाईवरच लिहिले, ही गोष्ट तू ऐकलीच असशील. परीक्षकाला बांधलेली गाय लांबून ओळखू येते. दाखला विषयाच्या पोटातून निघाला पाहिजे. नाशिक जिल्ह्यात असे खरे दाखले कमी नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि मे २०२४ मध्ये ती उठवताना प्रतिटन ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यातशुल्क लावले. लासलगावच्या बाजार समितीत त्याची झळ बसली तशी शेजारच्या ग्राहक देशांतही बसली, म्हणून 'अन्नसुरक्षा आणि निर्यातबंदी' किंवा 'भारत आणि त्याचे शेजारी' अशा चिठ्ठीला हा दाखला शोभतो. ओझरच्या कारखान्यात आधी मिग आणि नंतर सुखोई विमाने परवान्याखाली तयार झाली, त्यामुळे 'भारत-रशिया संबंध' या विषयाचे एक टोक महामार्गावरून तुला रोज दिसते. युरोपने २०१० साली द्राक्षांतील क्लोरमेक्वॅट या वाढरोधकाच्या अंशावरून आपला माल अडवला होता, ती आठवण जुन्या बागाईतदारांना विचारलीस तर ते अर्धा तास बोलतील, आणि 'व्यापारातील आयातशुल्काशिवायचे अडथळे' हा कोरडा विषय तुला जन्मभर विसरता येणार नाही. पण 'सुदानमधील यादवी' अशी चिठ्ठी आली तर कांदा, द्राक्षे आणि विमाने तिघांनाही घरी ठेवावे.

वाचनाबद्दल विचारले आहेस. स्पर्धेच्या तयारीला लागलेली मुले रोजच्या बातम्या तारखेनुसार वहीत उतरवतात आणि महिन्याभरात ती वही इतकी जाड होते की ती उघडण्याची हिंमत राहत नाही. तू तारखेची वही ठेवू नकोस आणि देशवारही ठेवू नकोस, प्रश्नवार ठेव. एक पान 'समुद्र कोणाचा?' या प्रश्नाचे, एक 'जागतिक संस्था काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत?' याचे, एक 'कर्ज घेतलेला देश कोणाचे ऐकतो?' याचे, एक 'सीमा कोणी आखल्या?' याचे, अशी दहा-बारा पाने पुरतात. नवी बातमी वाचली की ती यातल्या कोणत्या पानावर जाईल ते ठरवायचे, आणि जात नसेल तर ती बिनदिक्कत सोडून द्यायची. माझ्या अनुभवाने रोज एका चांगल्या वृत्तपत्राचे परराष्ट्राचे पान आणि आठवड्यातून एक दीर्घ लेख एवढे वाचन भरपूर होते. नाशिकला येणे होतच असेल तर १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात तासभर बसून दोन वेगवेगळ्या मतांची वृत्तपत्रे एकाच बातमीसाठी शेजारीशेजारी ठेवून वाच. एकाने कोणता तपशील वर घेतला आणि दुसऱ्याने तो शेवटच्या परिच्छेदात का ढकलला, हे पाहण्यात जे शिकायला मिळते ते दहा मासिकांत मिळत नाही.

प्रश्नवार पानाचा फायदा कसा होतो ते 'समुद्र कोणाचा?' या पानावरून दाखवतो. त्यावर तू १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा लिहिलेला असेल: किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाचा प्रादेशिक समुद्र, २०० सागरी मैलांपर्यंत त्याचे अनन्य आर्थिक क्षेत्र. त्याखाली बाब-अल-मंदेब, होर्मुझ आणि मलाक्का या तीन सामुद्रधुन्यांचा हाताने काढलेला नकाशा असेल. आणि त्याखाली एक ओळ, की जुलै २०१६ मध्ये हेग येथील लवादाने दक्षिण चीन समुद्राच्या प्रश्नावर फिलिपिन्सच्या बाजूने निर्णय दिला आणि चीनने तो अमान्य केला. या एका पानावर तांबडा समुद्र, दक्षिण चीन समुद्र, इराण आणि तेलाचे भाव, हिंदी महासागरातील भारताची भूमिका आणि 'आंतरराष्ट्रीय कायद्याला दात आहेत का?' अशा निदान पाच चिठ्ठ्या निभावून नेता येतात. नकाशा मात्र छापील चिकटवू नकोस. दर आठवड्याला एकदा स्मरणाने काढ. वाकडातिकडा आला तरी चालेल. हाताने सामुद्रधुनी काढलेल्या मुलाला ती कुठल्या दोन किनाऱ्यांमध्ये आहे हे व्यासपीठावर आठवावे लागत नाही.

संस्थांचे पान सर्वांत जास्त काळजीने भरावे, कारण सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ही दोन्ही हेगला असल्यामुळे मुले त्यांची सर्रास गल्लत करतात. पहिल्यात देश देशाविरुद्ध उभा राहतो, आणि कुलभूषण जाधव प्रकरणी २०१९ साली निकाल दिला तो याच न्यायालयाने; दुसऱ्यात व्यक्तीवर खटला चालतो, ते २००२ पासून कार्यरत आहे आणि भारत त्याचा सदस्य नाही. ही गल्लत एकदा झाली की परीक्षक पुढच्या अडीच मिनिटांतले प्रत्येक वाक्य संशयाने ऐकतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे 'संयुक्त राष्ट्रांनी युद्ध थांबवायला हवे' असे तावातावाने म्हणणे. संयुक्त राष्ट्रे म्हणजे कोण, आमसभा की सुरक्षा परिषद, आणि थांबवायचे कशाने, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही.

सुरक्षा परिषदेचाच विषय घे, तो कोणत्याही स्पर्धेत आज ना उद्या येतोच. 'सुरक्षा परिषदेतील सुधारणा' अशी चिठ्ठी आली की निम्मी मुले 'भारताला कायम सदस्यत्व मिळालेच पाहिजे' या घोषणेने सुरुवात करतात आणि तिथेच थकतात. मी आकड्यांनी सुरुवात करीन. १९४५ साली संयुक्त राष्ट्रांचे सदस्य ५१ होते आणि सुरक्षा परिषदेत ११ जागा होत्या. १९६५ मध्ये त्या १५ झाल्या. आज सदस्य १९३ आहेत आणि जागा अजून १५ च आहेत. नकाराधिकार असलेले पाच देश तेव्हाही पाचच होते आणि आजही पाचच आहेत. आफ्रिका खंडाला एकही कायम जागा नाही. संयुक्त राष्ट्रांची सनद, म्हणजे त्यांची घटना, बदलायची तर आमसभेच्या दोनतृतीयांश सदस्यांचा पाठिंबा लागतो आणि त्यानंतरच्या मंजुरीत पाचही कायम सदस्यांचा होकार लागतो. थोडक्यात, कुलूप लावून किल्ली आतच ठेवलेली आहे. भारत, ब्राझील, जर्मनी आणि जपान एकमेकांच्या दाव्याला पाठिंबा देतात, पण त्या प्रत्येकाचा कोणीतरी शेजारी विरोधात उभा आहे. भारत आठ वेळा, शेवटचा २०२१-२२ मध्ये, निवडून आलेला सदस्य म्हणून तिथे बसला आहे. एवढे सांगून झाल्यावर तुझे मत सांग. तोपर्यंत श्रोत्याला ते ऐकण्याची इच्छा झालेली असते.

आकड्यांबाबत माझा एक हट्ट आहे. वरचे सगळे आकडे वहीसाठी आहेत, बोलताना त्यातले निवडक घ्यायचे. एका भाषणात तीनपेक्षा जास्त आकडे नकोत, आणि ज्या आकड्याची खात्री नाही तो तोंडातून काढायचा नाही. मोबाइलवर फिरत आलेली 'जगातील सत्तर टक्के अमुक' अशी माहिती व्यासपीठावर ठोकून देणारी मुले टाळ्या घेतात हे खरे, परंतु एसएसबीच्या खोलीत समोर बसलेला अधिकारी टाळ्या वाजवायला बसलेला नसतो. आकडा निसटला तर 'निम्म्याहून अधिक', 'काही पटींनी' असे प्रामाणिक शब्द आहेत, ते वापरावेत.

शब्दांच्या बाबतीतही थोडी साफसफाई लागते. बंदी आणि निर्बंध यांत फरक आहे. रशियावर पाश्चात्त्य देशांनी लादले ते निर्बंध, कांद्यावर आली ती बंदी. 'युद्धबंदी' हा शब्द मी स्वतः टाळतो, कारण मराठीत तो युद्ध थांबण्यासाठी वापरतात आणि हिंदी बातम्यांची सवय असलेल्या कानाला त्यातून युद्धकैदी ऐकू येतात. 'शस्त्रसंधी' म्हटले की घोटाळा संपतो. 'सामुद्रधुनी' हा शब्द वाचायला सोपा आणि बोलताना जीभ अडकवणारा आहे, म्हणून तो आणि परदेशी नावे घरी मोठ्याने दहादा म्हणून ठेव.

आता प्रत्यक्ष सराव. घरातला एखादा बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घे आणि त्यात तुझ्या हाताने लिहिलेल्या तीस चिठ्ठ्या टाक. विषय ठोकळेबाज नकोत. 'नाटो' असे लिहिण्यापेक्षा 'फिनलंड आणि स्वीडनने इतक्या वर्षांची तटस्थता का सोडली?' असे लिही. फिनलंड २०२३ मध्ये आणि स्वीडन २०२४ मध्ये नाटो या लष्करी आघाडीत गेला. त्यामागचे कारण शोधताना फेब्रुवारी २०२२ मधील युक्रेनवरील आक्रमणापाशी तू आपोआप पोहोचशील. रोज संध्याकाळी एक चिठ्ठी उचलायची आणि ती आवडली नाही म्हणून डब्यात परत टाकायची नाही. पहिले दोन आठवडे फक्त एकच मिनिट बोल, मग दोन, मग तीन. उभी राहून बोल, मोबाइलवर ध्वनिमुद्रण कर, आणि मध्ये काहीही झाले तरी थांबू नकोस. वाक्य चुकले तर ते तसेच सोडून पुढचे वाक्य सुरू कर. ध्वनिमुद्रण लगेच ऐकू नकोस, कारण लगेच ऐकले की माणूस स्वतःला माफ तरी करतो किंवा झोडपतो तरी. दुसऱ्या दिवशी पिंपळगावहून नाशिकला जाणाऱ्या बसमध्ये कानात लावून ऐक आणि वहीच्या मागच्या पानावर दोनच गोष्टींची रेघ मार: 'म्हणजे', 'तर', 'ॲक्च्युअली' किती वेळा आले, आणि पहिली ठोस गोष्ट, म्हणजे नाव, ठिकाण, साल किंवा घटना, कितव्या सेकंदाला आली. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाची पहिली ठोस गोष्ट सुरुवातीला बावन्नाव्या सेकंदाला येत असे. दोन महिन्यांनी ती नवव्या सेकंदाला येऊ लागली, आणि त्याच्या भाषणातील बाकीच्या सुधारणा जणू त्यामागून चालत आल्या.

आठवड्यातून एकदा तीच चिठ्ठी विरुद्ध बाजूने बोल. सोमवारी कांद्याच्या निर्यातबंदीविरुद्ध बोललीस तर गुरुवारी तिच्या बाजूने बोल, शहरातल्या गृहिणीचा आणि महागाईने धास्तावलेल्या सरकारचा पक्ष घेऊन. शेतकऱ्याच्या मुलीला हे जड जाईल याची मला कल्पना आहे, म्हणूनच हा विषय मुद्दाम सुचवला.

चिठ्ठीवरचा विषय खरोखरच अजिबात माहीत नसेल तर काय करावे, हे तू विचारलेले नाहीस, पण तुझ्या भीतीचे मूळ तेच असावे. अशा वेळी विषय वाकवू नकोस, तो अरुंद कर, आणि अरुंद केल्याचे उघड सांग. 'आर्क्टिकमधील स्पर्धा' असा विषय आला आणि तिथल्या राजकारणाची काहीच माहिती नसेल, तर "या विषयाच्या एकाच बाजूविषयी मी बोलणार आहे, ती म्हणजे बर्फ वितळल्यावर खुल्या होणाऱ्या जलमार्गांची" असे म्हणून 'समुद्र कोणाचा?' या पानावर ये. हे प्रामाणिक आहे, कारण ती बाजू विषयाच्या आतलीच आहे. बांधलेल्या गाईत आणि यात फरक तो एवढाच, पण तो परीक्षकाला दिसतो.

एसएसबीत या चाचणीला लेक्चरेट म्हणतात. चार विषय लिहिलेले कार्ड मिळते, त्यातला एक निवडायचा, तीन मिनिटे विचार करायचा आणि गटासमोर तीन मिनिटे बोलायचे. चारांतला सर्वांत भारदस्त विषय निवडण्याची चूक करू नकोस. ज्यावर चार ठोस शब्द पहिल्या अर्ध्या मिनिटात कागदावर उतरतात तो निवड. ते भाषण सहसा इंग्रजीत केले जाते, म्हणून माध्यमाची काळजी तुला वाटणे स्वाभाविक आहे. मराठीत विचार पक्का बसलेला असेल तर साध्या, लहान वाक्यांच्या इंग्रजीत तो सांगता येतो. उलट विचारच नसेल तर सफाईदार इंग्रजीही दीड मिनिटात उघडी पडते. सोमवारची चिठ्ठी मंगळवारी इंग्रजीत बोल, त्याच चार शब्दांवरून आणि पाठ केलेले भाषांतर न करता. सुरुवातीला फार ओबडधोबड वाटेल. दोन-तीन महिने वाटू दे.

व्यासपीठावर पुन्हा गप्प झालीस तर कागदावरच्या चार शब्दांपैकी पुढचा शब्द मोठ्याने उच्चार. 'आता वळसा' एवढे म्हटले तरी वाक्याला सुरुवात होते आणि श्रोत्यांना ते मुद्दाम केल्यासारखे वाटते. मोठे वक्तेही थांबतात. मे महिन्यात गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेला एखादी संध्याकाळ काढून जा आणि वक्ता काय बोलतो यापेक्षा तो कुठे थांबतो, थांबल्यावर नजर कुठे नेतो आणि पुन्हा कोणत्या शब्दाने सुरू होतो, एवढेच टिपून घे. लांबीचा आदर्श मात्र तिथून घेऊ नकोस, भारताचे प्रतिनिधी व्ही. के. कृष्ण मेनन जानेवारी १९५७ मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरवर जवळजवळ आठ तास बोलले होते, तुला तीनच मिनिटे मिळणार आहेत.

डब्यातली पहिली चिठ्ठी मी सुचवतो, ती तुझीच जुनी चिठ्ठी आहे. पण ती उचलण्याआधी येत्या रविवारी वडिलांसोबत बस आणि त्या कंटेनरचे जे काही कागद असतील ते मागून घे: निर्यातदाराचा हिशेब, माल भरल्याची तारीख, तो पोहोचल्याची तारीख, ठरलेला दर आणि हातात पडलेला दर. तारखांच्या मधले दिवस मोज, नकाशावर जहाजाचा मार्ग पेन्सिलीने आख, आणि त्या वेळी निर्यातदाराने दिरंगाईचे काय कारण सांगितले होते ते वडिलांच्याच शब्दांत लिहून घे.